खुर्चीहून मोठे मन

महाडहून रायगडाकडे निघालेला रस्ता पाचाडच्या चढणीला लागण्यापूर्वी नाते या गावावरून जातो. गडावर निघालेल्या गाड्या येथे सहसा थांबत नाहीत. प्रवाशांचे डोळे समोरच्या डोंगररांगेवर खिळलेले असतात. याच नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, सहा वर्षे देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून देणारे बाणेदार मराठी नेते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तथापि केवळ पदांच्या या यादीतून चिंतामणराव पुरते उमगत नाहीत. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसूनही त्यांतल्या एकीलाही त्यांनी आपल्या मनाचा ताबा घेऊ दिला नाही. आजच्या नोकरदार माणसाने त्यांच्याकडून घ्यावे असे काही असेल तर ते हेच.

कामाच्या ठिकाणचा ताण, वरिष्ठांशी होणारे मतभेद, बढतीची धाकधूक आणि पद गेले तर आपण कोण उरणार ही भीती, हे सारे आजचेच आहे असे आपण धरून चालतो. चिंतामणरावांच्या वाट्याला यातले सर्व काही आले होते, आणि तेही परक्या सत्तेची नोकरी, महायुद्ध, फाळणी आणि स्वतःच्या प्रांतातील रक्तपात यांच्या सोबतीने आले होते. तरीही त्यांच्या कामाची घडी विस्कटली नाही.

सावित्रीच्या खोऱ्यातला मुलगा

महाड आणि पोलादपूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, भाताच्या खाचरांचा आणि पावसाळ्यात जगापासून तुटणारा मुलूख. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या बाजूने उतरून महाडला येते आणि पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेल्या या वीराची कथा येथे घरोघरी सांगितली जाते. कर्तव्य म्हणजे प्राणांची बाजी, असा धडा या भूमीने पिढ्यान् पिढ्या गिरवला. चिंतामणरावांच्या आयुष्यात हेच कर्तव्य निराळ्या रूपात दिसते. त्यांच्या हातात फाइल होती आणि रणांगण कचेरीचे होते. शिवाय ते एका रात्रीत जिंकता येण्यासारखे नव्हते. तेथे चाळीस-पन्नास वर्षे रोज हजेरी लावायची होती.

देशमुखांचे घराणे रोह्याचे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते, आई भागीरथीबाई. घरात शिक्षणाची आस्था होती. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांनी विषय निवडले ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण होताना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले.

एका हाती कालिदास आणि दुसऱ्या हाती वनस्पतींचे वर्गीकरण घेऊन हा तरुण साम्राज्याच्या प्रशासनात शिरत होता. पुढे आयुष्यभर आकडेमोड करूनही त्याचे मन कोरडे पडले नाही, याचे बीज बहुधा या दोन छंदांत असावे.

लोकमान्यांचा सल्ला

परीक्षेत पहिला आला तरी मनात शंका होतीच. देश स्वराज्यासाठी झगडत असताना परक्या सरकारची चाकरी करावी काय? त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. चिंतामणरावांनी त्यांची भेट घेऊन आपली घालमेल त्यांच्यापुढे मांडली. लोकमान्यांनी त्यांना नोकरी नाकारण्याचा सल्ला दिला नाही. उद्या स्वराज्य येईल तेव्हा राज्यकारभार जाणणारी माणसे लागतील, तेव्हा तो अनुभव आताच घ्यावा, असा त्या सल्ल्याचा आशय होता.

या सल्ल्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे देशातील अनेक बुद्धिमान तरुण तुरुंगात जात असताना चिंतामणराव सरकारी कचेरीत होते. हा पेच कोणत्याही संवेदनशील माणसाला आतून पोखरणारा होता. तो त्यांनी एकाच प्रकारे पेलला. नोकरीतले प्रत्येक काम ते येऊ घातलेल्या देशाची तयारी समजून करीत राहिले. आपण हे काम कशासाठी करतो, याचे उत्तर ज्याच्यापाशी असते त्याला कामाचा भार सोसतो. ते उत्तर नसेल तर हलके कामही जड होते.

मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी सुमारे दोन दशके काढली. रायपूर भागात जमीन महसुलाच्या फेरआकारणीचे काम त्यांच्याकडे होते. शेताचा कस, पाणी, पीक आणि कुळाची ऐपत पाहून सारा ठरवणे हे वेळखाऊ आणि किचकट काम. तेथे घाई केली तर एका पिढीवर अन्याय होतो. महसूल आणि अर्थ खात्यांचे सचिवपदही त्यांनी सांभाळले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवमंडळात होते. केंद्र आणि प्रांत यांच्यातील उत्पन्नाच्या वाटणीसाठी ऑटो निमायर यांची चौकशी झाली, तेव्हा मध्य प्रांताची बाजू मांडणारे त्यांचे टिपण वाखाणले गेले. गाजावाजा नसलेल्या या वीस वर्षांतच पुढचा गव्हर्नर घडत होता.

नोटेवरची सही

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत सरकारचे संपर्क अधिकारी म्हणून आले. तीनच महिन्यांत ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर यांचे निधन झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी हे पद चिंतामणरावांकडे आले. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर प्रथमच एका भारतीयाची सही उमटली.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. तेथील भारतीय शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि थिओडोर ग्रेगरी हे सदस्य होते. भारत परतंत्र होता, पण युद्धखर्चापोटी ब्रिटनच त्याचा ऋणको बनला होता. युद्ध संपले तेव्हा भारताची ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेलेली होती. धनको असूनही पारतंत्र्यात असलेल्या देशाची बाजू मांडताना त्रागा उपयोगाचा नव्हता आणि लाचारीही चालणार नव्हती. आकड्यांवर भक्कम पकड आणि तोल न सुटू देणारी वाणी, एवढेच साधन हाती होते.

त्यांच्या व्यावसायिक वृत्तीची खरी ओळख पटते ती जानेवारी १९४६ मधील एका प्रसंगातून. काळा पैसा बाहेर काढण्यासाठी ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द करण्याचे सरकारने ठरवले. गव्हर्नर म्हणून चिंतामणरावांनी आपले प्रतिकूल मत आधीच स्पष्टपणे नोंदवले होते. यातून कर म्हणून दहा कोटी रुपयेही हाती लागतील की नाही, याची त्यांना शंका होती. नोटांचे मोल परत दिलेच जाणार असेल तर करबुडवे सापडणार कसे, हा त्यांचा साधा मुद्दा होता. सरकारने निर्णय बदलला नाही. १२ जानेवारी १९४६ रोजी वटहुकूम निघाला आणि बँकेने त्याची अंमलबजावणी चोख केली. चलनात असलेल्या सुमारे १४४ कोटी रुपयांच्या मोठ्या नोटांपैकी जवळजवळ १३५ कोटींच्या नोटा १९४७ च्या अखेरीपर्यंत बदलून घेतल्या गेल्या. परत आल्या नाहीत त्या अवघ्या नऊ कोटींच्या. गव्हर्नरांचा अंदाज खरा ठरला.

या प्रसंगात नोकरदाराच्या धर्माचे तीन टप्पे दिसतात. निर्णयापूर्वी आपले मत निर्भीडपणे आणि योग्य ठिकाणी मांडावे. निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला, पण तो सदसद्विवेकाला छेद देणारा नसला, तर तो मनापासून राबवावा. आणि आपण खरे ठरलो तर त्याची टिमकी वाजवत फिरू नये. यांतला पहिला टप्पा चुकला की माणूस होयबा होतो, दुसरा चुकला की तो अडवणूक करू लागतो, आणि तिसरा चुकला की सहकाऱ्यांच्या मनातून उतरतो.

फाळणीनंतर रिझर्व्ह बँकेवर दोन देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करण्याची विलक्षण जबाबदारी आली. काश्मीरवरून युद्ध पेटलेले असताना ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्या चलनाचा कारभारही याच बँकेकडे होता. अशा काळात कोणत्या बाजूने कागद आला यापेक्षा कागदात काय लिहिले आहे हे पाहणारा माणूस खुर्चीत असावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारकांच्या बँकेतून सरकारी बँकेकडे झालेले हे स्थित्यंतर कसलाही खळखळाट न होता पार पडले. ३० जून १९४९ रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून मोकळे झाले.

घराचे दुःख आणि मनाचा मळा

ही सारी वर्षे घरात सुखाची होती असे समजण्याचे कारण नाही. १९२० मध्ये त्यांचा विवाह रोझिना या इंग्रज तरुणीशी झाला होता. त्यांना एक कन्या झाली. पुढे मायलेकी इंग्लंडमध्ये राहिल्या, आणि १९४९ मध्ये रोझिनाबाईंचे निधन झाले. बाहेर यशाची कमान चढत असताना घर ओस पडत गेले होते. या एकटेपणाची झळ त्यांनी कचेरीपर्यंत पोहोचू दिली नाही, एवढे त्यांच्या कामावरून दिसते.

मन सावरण्याची त्यांची ठिकाणे ठरलेली होती. संस्कृत काव्य हे एक. कालिदासाच्या 'मेघदूता'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली आणि स्वतःही संस्कृतात काव्यरचना केली. दुसरे ठिकाण बागेचे. केंब्रिजला शिकलेले वनस्पतिशास्त्र त्यांनी पदवीच्या कागदावर सोडून दिले नाही. बागकामाची आवड अखेरपर्यंत टिकली. झाडाला पदनाम कळत नाही आणि वृत्तात न बसणारा शब्द गव्हर्नरांचा आहे म्हणून बसत नाही. अधिकाराच्या जगातून रोज थोडा वेळ अधिकार न चालणाऱ्या जगात जाऊन येणे, हे मनाच्या आरोग्यासाठी किती मोलाचे असते, हे त्यांच्या दिनक्रमाकडे पाहून कळते.

२२ जानेवारी १९५३ रोजी दुर्गाबाईंशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक असलेल्या दुर्गाबाईंचे कर्तृत्व स्वतंत्र होते. विवाहाच्या कागदावर साक्षीदार म्हणून पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी सही केली. पुढे तीनच वर्षांनी याच पंतप्रधानांना चिंतामणराव राजीनामा देणार होते.

एका महिन्यातली दोन कामे

जून १९५० मध्ये जॉन मथाई यांच्यानंतर चिंतामणराव अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. जन्मजिल्ह्यानेच त्यांना दिल्लीला धाडले. पहिली पंचवार्षिक योजना, राष्ट्रीय नमुना पाहणीची उभारणी, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेतून झालेली स्टेट बँक, १९५६ चा कंपनी कायदा अशी कितीतरी कामे त्यांच्या कारकिर्दीत झाली.

मग जानेवारी १९५६ उजाडला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याची घोषणा १६ जानेवारीला झाली. मुंबईत आगडोंब उसळला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडत होती. आणि १९ जानेवारीच्या रात्री अर्थमंत्री आकाशवाणीवरून देशाला आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची माहिती देत होते. देशी-विदेशी मिळून २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला होता. हा निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत गुप्त राखण्यात आला होता, कारण आधी कुणकुण लागती तर विमेदारांचा पैसा धोक्यात आला असता. आपला प्रांत जळत असताना, मनात राजीनाम्याचा विचार घोळत असताना, अर्थमंत्र्यांनी ती गुप्तता आणि तो निर्णय दोन्ही सांभाळले. त्याच महिन्यात त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनामा दिला.

राजीनामा लगेच अमलात आला नाही. पुढचे सहा महिने ते पदावर होते आणि १९५६-५७ चा अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला. महाराष्ट्रातील अनेकांना हा विलंब खटकला. जाणाऱ्या माणसाने दप्तर अर्धवट टाकून जाऊ नये, ही शिस्त एका बाजूला होती आणि रस्त्यावर सांडलेले रक्त दुसऱ्या बाजूला. या दोहोंची ओढाताण त्यांना चुकली नसणार. अखेर जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी केलेले निवेदन आजही वाचण्याजोगे आहे. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर करण्याच्या पद्धतीवर आणि गोळीबाराची चौकशी नाकारण्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. पंतप्रधानांवर थेट टीका होती, पण एकही शब्द पातळी सोडणारा नव्हता. आक्षेप कृतीवर होता, माणसावर नव्हता.

येथे १९४६ आणि १९५६ यांतला फरक ध्यानी घ्यावा लागतो. नोटांबाबतचा निर्णय त्यांना निरुपयोगी वाटला होता, पण तो अन्यायाचा नव्हता, म्हणून त्यांनी तो राबवला. मुंबईबाबतचा निर्णय आणि गोळीबाराची चौकशी नाकारणे त्यांना अन्यायाचे वाटले, म्हणून त्यांनी पद सोडले. मतभेद कोणता आणि मूल्यभेद कोणता, हे ओळखण्याची नजर त्यांच्यापाशी होती. प्रत्येक मतभेदावर राजीनामा खिशातून काढणारा माणूस संस्थेला निरुपयोगी ठरतो, आणि कधीच न काढणारा स्वतःलाच अनोळखी होतो.

महाडच्या मातीला असा दुसराही एक संदर्भ आहे. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे बाबासाहेब आणि रुपयावर सही करणारे चिंतामणराव, महाडशी नाते असलेले हे दोघेही १९५० ते १९५१ या काळात नेहरूंच्या मंत्रिमंडळात सोबत होते. आणि दोघांनीही तत्त्वाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये, चिंतामणरावांनी १९५६ मध्ये.

पद गेल्यानंतरचा माणूस

सत्तेबाहेर पडलेल्या माणसाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. दूरध्वनी थंडावतो, भेटीगाठी विरळ होतात. चिंतामणरावांनी कडवटपणाला थारा दिला नाही. १९५६ मध्येच त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत उच्च शिक्षणाची घडी बसवली. ज्या सरकारमधून ते बाहेर पडले होते, त्याच सरकारच्या व्यवस्थेत ते पुन्हा कामाला लागले, कारण भांडण व्यवस्थेशी नव्हतेच. १९५९ मध्ये त्यांना सरकारी सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायमचे न्यायाधिकरण असावे, अशी जाहीर सूचना केली. नेहरूंना ती मान्य झाली नाही. पण स्पष्ट बोलण्याची सवय सुटली नव्हती.

१९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. महाविद्यालयात येऊ न शकणाऱ्यांसाठी पत्राद्वारे शिक्षणाची सोय १९६२ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाली. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद तर त्यांनी १९४५ पासून १९६४ पर्यंत भूषवले.

१९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. व्ही. व्ही. गिरी विजयी झाले, नीलम संजीव रेड्डी दुसरे आणि चिंतामणराव तिसरे आले. शाळेपासून पहिला क्रमांक सवयीचा असलेल्या माणसाला तिसऱ्या क्रमांकानंतरही आपल्या कामाकडे परतता आले. १९७४ मध्ये त्यांचे 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

रिझर्व्ह बँकेने १९८४ मध्ये त्यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू केली. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. ठाणे महापालिकेने १९८७ मध्ये सुरू केलेल्या प्रशासकीय सेवांच्या प्रशिक्षण संस्थेलाही चिंतामणरावांचेच नाव दिलेले आहे. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे स्वाभाविकच परीक्षा असते, पद असते. त्यांच्या परीक्षेला चिंतामणरावांच्या चरित्रावर प्रश्न येईलच असे नाही. पण पद मिळाल्यानंतरच्या तीस वर्षांत तो रोज येणार आहे. मत मांडायचे की गप्प राहायचे, राबवायचे की सोडायचे, आणि संध्याकाळी घरी परतताना कचेरी कुठे ठेवायची, एवढाच तो प्रश्न असतो.

चिंतामणरावांनी त्याचे उत्तर भाषणातून दिले नाही, वागण्यातून दिले. दिवसभर खुर्चीचे काम केले आणि संध्याकाळी ते आपल्या झाडांकडे, आपल्या श्लोकांकडे परतले. म्हणूनच वेळ आली तेव्हा खुर्ची सोडताना त्यांचा हात अडखळला नाही. महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागले, तर गाडीचा वेग क्षणभर कमी करावा, एवढे ऋण या गावाचे आपल्यावर निश्चितच आहे.